प्रमुख पाहुण्याचा टॉवेल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सहामाहीला एक वास असतो. मार्कर पेन, स्वस्त परफ्यूम आणि बंद हॉलमधला ओलसर गालिचा, या तिन्हींचा मिळून होणारा. तो आठवला की मला अजून मळमळतं. लोक त्या दिवसांना सोनेरी दिवस म्हणतात. म्हणोत बापडे.

सुरतेपासून कामरेजकडे जाताना लागणाऱ्या एका खासगी कॉलेजात मी इलेक्ट्रिकलला होते. शेवटची सबमिशन्स झाली आणि अभ्यासाचं उरलंसुरलं सोंगही गळून पडलं. मग रोज काहीतरी 'डे' निघायला लागला. एक दिवस सिग्नेचर डे. त्या दिवशी सगळ्यांनी पांढरे शर्ट घालून यायचं आणि एकमेकांच्या अंगावर मार्करने आठवणी लिहायच्या. आठवणी कसल्या, संडासाच्या दारावर जे लिहितात तेच गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत पाठीवर लिहिलेलं होतं. ज्यांनी चार वर्षांत स्वतःची प्रॅक्टिकलची फाईल स्वतः लिहिली नाही, त्यांच्या हातांना त्या दिवशी नुसता ऊत आला होता. माझ्या पाठीवर कुणी काय लिहिलंय हे मी घरी येऊन पाहिलं आणि तो शर्ट मायला दिसायच्या आत केरात टाकला.

ट्रॅडिशनल डेला तर कहर झाला. माझ्याच बाकावर बसणारी मुलगी नऊवारी नेसून आली. कासोटा वर खोचलेला, कपाळभर कुंकू आणि हातात केरसुणी. 'मराठी कामवाळी', म्हणजे मोलकरीण, असं तिच्या वेषाचं नाव होतं आणि ते माइकवरून पुकारलं गेलं. तिने कंबर हलवत स्टेजवर झाडू मारला, मोडक्या हिंदीत पगार वाढवून मागितला आणि पहिलं बक्षीस घेऊन खाली आली. परीक्षक म्हणून बसलेले आमचे सर हसून हसून डोळे पुसत होते. ती येऊन मला गुजरातीत विचारती झाली की साडी बरोबर बांधली आहे ना. मी म्हटलं, माझी आई पाचवारी नेसते, मला काय ठाऊक. तिला त्यातलं काही लागलं नाही. तशी ती वाईट मुलगी नव्हती, आणि याचीच मला जास्त किळस आली.

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे. माझे वडील, आबा, खानदेशातून आले ते लूमच्या कारखान्यात लागले आणि अजून तिथेच आहेत. आयुष्यभर मशिनींच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालंय. कानाला कमी ऐकू येतं आणि आवाज मात्र असा की घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. माय घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती असं आमचं चालतं आणि त्यात आम्हाला काही विशेष वाटत नाही.

माझ्या डिग्रीचं आबांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. नोकरी, पगार वगैरे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना एकच हवं होतं आणि ते त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. "तू वर चढशी, तो देई, तू लेशी. तेव्हढंच मले देखनं शे." बस्स. मी स्टेजवर चढेन, कुणीतरी देईल, मी घेईन, एवढंच त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गावी मामालाही त्यांनी फोन करून ठेवला.

आणि मग कॉलेजचा फतवा आला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एकच पालक. तोही मुख्य हॉलमध्ये नाही. मुख्य हॉलमध्ये विद्यार्थी, प्राध्यापक, ट्रस्टी, ट्रस्टींचे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. पालकांनी मागच्या इमारतीतल्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सोहळा बघायचा. फी भरायला मात्र आईबापांना थेट ऑफिसात घेत होते, तेव्हा कुणी पडदा लावला नव्हता. मी हे घरी सांगितलं. आबा म्हणाले, पडद्यावर तर पडद्यावर, चेहरा मोठा दिसेल. माय म्हणाली, तुम्हीच जा. मामा आहेर घेऊन निघणार होता, त्याला आता काय सांगायचं हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्या कॉलेजला मधूनच भारतीय परंपरेची आठवण झाली होती. काळा गाऊन म्हणजे गुलामी, म्हणून आता पांढरा कुडता आणि वर पिवळा खेस. खेस म्हणजे आपलं उपरणंच. परंपरेचं हे उपरणं चकचकीत पॉलिस्टरचं होतं, त्यावर संस्थेचा शिक्का छापलेला होता आणि हातात घेतलं की बोटं पिवळी होत होती. सुरतेत राहून, कापडाच्या गावात, असलं कापड शोधून काढायलाही अक्कल लागते. घाम आला की त्याचा रंग मानेवर उतरायचा. तालमीच्या पहिल्या तासातच सगळा वर्ग कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला.

तालीम सोहळ्याच्या आदल्या दिवशी होती. आमचे एक सर सोहळ्याचे संयोजक होते. हातात माइक, तोंडात मुखवास, आणि चेहऱ्यावर आपल्या जिवावर पृथ्वी फिरते असा भाव. त्यांनी आधी आम्हाला टाळ्या शिकवल्या. प्रमुख पाहुणे आत आल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत टाळी थांबता कामा नये. मग वाकायला शिकवलं. कमरेतून वाकायचं, मानेतून नाही. पायाला हात लावायचा नाही, वेळ जातो. उजवा हात फोल्डरखाली, नजर कॅमेऱ्याकडे. पाहुण्यांकडे बघायचंच नाही. एका मुलाने चुकून पाहुण्यांकडे बघून धन्यवाद म्हटलं तर त्याला परत खाली पाठवलं. मी रांगेत उभी राहून विचार करत होते की चार वर्षांत ट्रान्सफॉर्मर कधी कुणी एवढ्या तळमळीने शिकवला नाही.

तालमीला प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीत आमच्या मशीन लॅबचे अटेंडंट बसवले होते. कामरेजकडच्या गावातले, निवृत्तीला टेकलेले, शांत माणूस. देहयष्टी पाहुण्यांसारखी आहे म्हणून संयोजकांनी त्यांना धरून आणलं होतं, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन बसवता येईल. ते बिचारे सकाळपासून प्रत्येकासाठी खुर्चीतून उठत होते, फोल्डर देत होते, परत बसत होते. फोल्डर एकच होतं आणि रिकामं होतं. स्टेजवरून खाली उतरलं की ते हिसकावून घ्यायचं आणि धावत परत टेबलावर पोचवायचं. इतक्या घामट हातांतून गेल्यावर ते गुळाच्या ढेपेसारखं चिकट झालं होतं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. खानदेशात लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव असतो. लग्नाला गाव येतं, पण मांडवाला घरची माणसं येतात. मामाचा आहेर त्या दिवशीचा. मांडवाला जो आला नाही तो पाहुणा, आपला नव्हे. आणि मांडवाला यायला घरच्या माणसाला कुणी आमंत्रण द्यायचं नसतं. मी घरी सांगितलं होतं की उद्या आमची तालीम, परवा मुख्य कार्यक्रम. पास एकाच माणसाचा आणि तोही परवाचा. आबा आणि माय यांनी बसून, मामाशी फोनवर बोलून यावर विचार केला आणि त्यांच्या दृष्टीने सरळ निष्कर्ष काढला, की एवढा मोठा सोहळा आहे तर त्याचा मांडव असणारच, आणि पास लागतो तो बाहेरच्यांना.

त्यामुळे मी रांगेत, पायऱ्यांच्या जवळ, मानेला पिवळी होऊन उभी असताना हॉलच्या मागच्या दारातून माझ्या घरची माणसं आत आली. आबांनी पाळी बदलून घेतली होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. माय आमच्या चुलतभावाच्या लग्नातल्या साडीत. मामा सकाळीच नंदुरबारच्या गाडीने उधना स्टेशनवर उतरून थेट आला होता, हातात पिशवी. गेटवरच्या वॉचमनने त्यांना अडवलं नाही. नटूनथटून, नारळ घेऊन आलेल्या माणसांना कार्यक्रमाला आलात का असं कोण विचारतं. ते मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसले आणि मायने मला बघून हात हलवला.

आज खरं काही मिळणार नव्हतं. सांगायला जावं तर रांग सोडता येत नव्हती, आणि मग माझा नंबरच आला. मी वर चढले. अटेंडंट काका उठले, त्यांनी ते चिकट फोल्डर पुढे केलं, मी कमरेतून वाकले, कॅमेऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात खालून आबांचा आवाज आला, "थांब वं जरासं." लूमवरचा आवाज. अख्खा हॉल मागे वळला.

आबा मधल्या वाटेने चालत आले आणि ज्या बाजूने उतरायचं त्या पायऱ्यांनी वर चढले. त्यांच्यामागे मामा पिशवी घेऊन, त्याच्यामागे माय. पिशवीतून टॉवेल, टोपी, नारळ निघाले. आमच्याकडे मानाच्या माणसाला टोपी-टॉवेल दिल्याशिवाय कार्य पार पडत नाही. लग्नात तर व्याह्यापासून वाजंत्रीवाल्यापर्यंत टोप्या वाटतात. आबांच्या ट्रंकेत अशा मिळालेल्या टोप्यांची थप्पी आहे आणि कुठली कुणी दिली हे ते अजून सांगतात.

संयोजक सर धावत आले. माइक त्यांच्या हातात चालूच होता. ते आबांना म्हणाले, "अरे काका, ये तो रिहर्सल है. ये हमारे प्यून हैं. चीफ गेस्ट कल आएंगे."

हॉल हसला. पहिल्या दोन रांगा तर खुर्च्यांवरून घसरल्या. ज्या मुलीने केरसुणी घेऊन बक्षीस मिळवलं होतं तिने फोन वर धरून शूटिंग सुरू केलं. ट्रस्टींचा कुणी पोरगा होता, तो शिट्टी वाजवत होता. मला त्या सगळ्या पिवळ्या मानांची, विचकलेल्या दातांची शिसारी आली. कुणाला वाटेल मला आबांची लाज वाटली असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, लाजायला जागाच उरली नव्हती.

आबांना सरांचं बोलणं ऐकू आलं होतं, माइकवर होतं म्हणून. त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे एकदा नीट बघितलं. मग सरांना म्हणाले, "कलवाले का कल देखेंगे, साहब. आज तो ये दे रहे हैं."

माइक नसताना हे वाक्य मागच्या भिंतीपर्यंत गेलं. हसणं जरा कमी झालं. अटेंडंट काका खुर्चीपाशी उभे होते. सरांनी त्यांना डोळ्यांनी खूण केली की हटा बाजूला. ते हटले नाहीत. सकाळपासून दुसऱ्यांच्या सांगण्यावरून उठबस करणारा तो माणूस आबांपुढे मान झुकवून म्हणाला, "लावो काका, तमे ज पेरावो." म्हणजे तुम्हीच घाला. आबांनी त्यांच्या डोक्यावर टोपी नीट बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला गंध लावलं आणि हातात नारळ दिला. मायने माझ्यावरून बोटं मोडली. मामा म्हणाला, फोटो राहिला. तेव्हा काकांनी नारळ मायकडे सांभाळायला दिला आणि ते रिकामं फोल्डर दोन्ही हातांनी मला पुन्हा एकदा दिलं. या वेळी मी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघितलं आणि मानेतून वाकले.

त्यानंतर सरांनी माझ्या हातातलं फोल्डर ओढून घेतलं, कारण पुढचा मुलगा खोळंबला होता.

घरी जाताना तिघं खुशीत होती. मायने वाटेत पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. मी मात्र बसमध्ये फोन उघडला तर वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता, खाली हसून लोळणारे चेहरे आणि एक ढिंच्याक गाणं. पाठवणाऱ्या मुलीला मी लिहिलं, काढून टाक. तिने लिहिलं की अगं किती क्यूट आहेत तुझे पप्पा, रागावतेस काय. मी ग्रुप सोडला. चार वर्षांची मैत्री म्हणतात ती एवढ्यात सुटली आणि मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा निघाले. पास घेऊन, आणि टोपी-टॉवेल-नारळाचा दुसरा संच घेऊन. कालच्याला दिलं, मग आजच्याला कसं चुकवायचं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगून पाहिलं की तिथवर तुम्हाला जाऊ देणार नाहीत. ते म्हणाले, बघू. "ज्याना हातनं आंडेर लेस, त्याना मान करना पडस." ज्याच्या हातून पोरगी घेते त्याचा मान करावाच लागतो, असा त्यांचा हिशेब. गेटवर त्या दिवशी भाड्याचे सुरक्षारक्षक होते. त्यांनी नारळ काढून घेतला. फेकून मारता येतो म्हणे. तिथे कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, लहान पोरांची बिस्किटं असा ढीग लागला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. टोपी आणि टॉवेल तपासून पिशवीत परत दिले. आबा मागच्या इमारतीकडे गेले, मी पुढच्या हॉलमध्ये.

प्रमुख पाहुणे कुणी बडे कारखानदार होते. ते यायलाच दुपार झाली. तोवर आम्ही त्या ओल्या गालिच्याच्या वासात, पाण्याविना, उपरणी गुंडाळून बसलो होतो. गालिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं होतं, त्यामुळे वास मरायच्या ऐवजी गोडसर झाला होता. पाहुणे आले, आम्ही शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. ट्रस्टींनी एकमेकांना शाली घातल्या. एकाने दुसऱ्याची स्तुती केली, दुसऱ्याने पहिल्याची. उंटाच्या लग्नाला गाढव गायला बसावं तसं ते चाललं. मग पाहुणे बोलले. आपण कसे साधेच आहोत हे त्यांनी फार वेळ सांगितलं. आणि मग त्यांना विमान गाठायचं होतं.

पदकवाल्या थोड्या मुलांना वर बोलावलं. बाकीच्यांना संयोजक सरांनी माइकवरून सांगितलं की समयाच्या अभावी सर्वांनी आपापल्या जागी उभं राहावं. आम्ही उभे राहिलो. स्टेजवरून कुणीतरी इंग्रजीत एक वाक्य वाचलं. आम्ही खाली बसलो. डिग्री मिळाली होती.

माझ्या शेजारचा मुलगा विचारत होता, झालं? एवढंच? आदल्या दिवशी सबंध दिवस आम्ही वाकायला शिकलो होतो, ते कुणासाठी, हे विचारायची पद्धत तिथे नव्हती. पाहुणे निघाले, त्यांच्यामागे सगळं स्टेज निघालं, आणि खाली व्हरांड्यात टेबलांवर फोल्डरांचे गठ्ठे ठेवले होते तिकडे झुंबड उडाली. रेशनच्या दुकानावर आमच्या गल्लीतल्या बायाही इतकी धक्काबुक्की करत नाहीत. माझं फोल्डर मला एका मुलाच्या काखेखालून मिळालं. त्याच्यावर चहाचा कप ठेवल्याचा गोल डाग होता.

मी मागच्या इमारतीत गेले. हॉलमध्ये पंखे फिरत होते, पण गर्दीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. पडद्यावर अजून प्रमुख पाहुणे गाडीत बसताना दिसत होते, बाजूने, समोरून, परत बाजूने. आईबाप उठून पडद्याकडे बघत उभे होते, कुणाला वाटत होतं की खरा कार्यक्रम आता सुरू होईल. एक बाई आपल्या नवऱ्याला विचारत होती की आपला कुठे दिसलाच नाही. मला त्या पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं आणि गेटवर नारळ का काढून घेतात ते तेव्हा कळलं.

आबा शेवटच्या ओळीत बसले होते. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला टॉवेल त्यांनी पिशवीतून काढला होता आणि त्याने ते मान पुसत होते. मला बघून त्यांनी विचारलं, तुझा नंबर कधी लागला, माझं लक्ष चुकलं का. ते सकाळपासून पडद्यावरून नजर न हलवता बसले होते, जागेवरून उठलेही नव्हते, मी हुकेन म्हणून.

मी सांगितलं की कुणालाच वर बोलावलं नाही. जागीच उभं केलं आणि बसवलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मला ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं, आणि आजूबाजूच्या चार आईबापांनीही ते ऐकलं.

आबांनी फोल्डर हातात घेतलं, उघडलं, आतला कागद बघितला, बंद केलं. चहाचा डाग अंगठ्याने घासून पाहिला. मग माझी मान बघितली. पिवळी धमक झाली होती. त्यांनी तोच टॉवेल घेऊन माझी मान पुसायला सुरुवात केली, लहानपणी शेंबूड पुसायचे तशी, जोर लावून.

"बरं व्हयनं," ते म्हणाले, "काल उनूत ते."

बरं झालं, काल आलो ते. त्यांच्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. तिथे कुणी हसलं नाही.

मामाने काढलेला आदल्या दिवशीचा फोटो आमच्या घरात लावलेला आहे. तो टॉवेल मायने दोनदा साबणात भिजवून ठेवला, पण पिवळा डाग गेला नाही. आबा तो आता कारखान्यात नेतात, हात पुसायला.